दोन तासांचं काम

'नमस्कार! आपल्या कॉलेजच्या सेवा निधीसाठी विद्यार्थ्यांनी पाठवलेले प्रस्ताव वाचून गुण द्यायला स्वयंसेवक हवे आहेत. फक्त दोन तासांचं काम, तेही घरबसल्या. कृपया होकार कळवावा.'

गेल्या डिसेंबरात हा मेसेज मी 61 जणांना पाठवला. बहुतेकांनी हात जोडले. काहींनी अंगठा दाखवला, म्हणजे हो की 'वाचलं' हे शेवटपर्यंत कळलं नाही. एका सरांनी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. एका ताईने विचारलं, सर्टिफिकेट मिळेल का? स्पष्ट होकार आले चार.

मला हवे होते अकरा. हिशेब सोपा होता. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून कॉलेजने एक छोटा निधी केला आहे. अभ्यासक्रमाला जोडून एखाद्या वस्तीत, शाळेत काम करायचं असेल तर विद्यार्थ्यांच्या गटाला त्यातून 25,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. अर्ज आले 14, मंजूर होणार पाच. प्रत्येक अर्ज तिघांनी वाचायचा, एका वाचकाला चारपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. आदल्या वर्षी आपल्याच प्राध्यापकांनी अर्ज वाचले होते आणि निकालानंतर स्टाफरूममध्ये जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, नसेल तर सीनियर्सना विचारा. म्हणून फादर म्हणाले, या वेळी वाचक बाहेरचे हवेत. ते शोधायचे, अर्जांवरची नावं काढून त्यांना क्रमांक द्यायचे आणि वाटायचे, हे सगळं काम माझ्याकडे आलं. मी टीवायला, विषय अर्थशास्त्र, आणि मला नाही म्हणता येत नाही.

चार वाचक आणि 14 अर्ज घेऊन मी नाताळच्या सुट्टीत घरी निघाले. घर ग्वाल्हेरला. पंजाब मेल धुक्यात अडकली आणि पाच तास उशिरा पोचली. तेवढ्या वेळात मी आणखी नऊ जणांना तोच मेसेज पाठवला.

आमचं घर नया बाजारात आहे, लश्कर भागात. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं, म्हणून नाव लश्कर. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. एका बाजूला दाल बाजार, दुसरीकडे लोहिया बाजार, आणि मधल्या रस्त्यावर ई-रिक्षा, हातगाड्या आणि थंडीत गजकचे ठेले. मराठीच्या तासाला भा. रा. तांबे आले की वर्गातले सगळे माझ्याकडे बघतात, कारण तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. पण मी तोंड उघडलं की हसतात, कारण मी 'मला वाटतं'च्या जागी 'मला लागतं' म्हणते. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. असो.

घरी आल्यावर आजोबांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "दोन तासांचं काम आहे, तर तूच का नाही करून टाकत?"

"आजोबा, मी कशी करणार? बाहेरचा माणूस हवा."

"मग बाहेर जा ना. हे काय, पलंगावर बसून लोकांना हाक मारते!"

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्जांच्या प्रती काढल्या आणि पिशवी घेऊन निघाले. माणसाच्या समोर बसून हातात कागद दिला की नाही म्हणणं अवघड जातं. शाळेतून रिटायर झालेल्या आमच्या बाई लगेच तयार झाल्या, त्यांनी भजनी मंडळातल्या दोघी मिळवून दिल्या. एक मामेभाऊ गजकच्या एका डब्यावर तयार झाला. तीन दिवसांत जे झालं ते मेसेजने तीन आठवड्यांत झालं नव्हतं.

सगळ्यात मोठी शिकार म्हणजे ए. जी. ऑफिसवाले काका. मध्य प्रदेशच्या महालेखाकारांचं ऑफिस ग्वाल्हेरला आहे आणि आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी तिथे नोकरीला होतं. काकांनी पस्तीस वर्षं तिथे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. अर्ज हातात घेतला आणि पहिली नऊ पानं न बघता ते थेट अंदाजपत्रकावर गेले.

"बॅनर 3,200. पाहुण्यांचा सत्कार 2,400. मुलांच्या वह्या 1,800." लाल पेन निघालं. "हा कार्यक्रम कुणासाठी आहे, बेटा?"

मी म्हटलं, काका, उद्दिष्टं पण वाचा ना, त्याचे पण पाच गुण आहेत. ते म्हणाले, उद्दिष्ट तर प्रत्येक जण चांगलंच लिहितो. पैसा कुठे जातो ते बघ, म्हणजे खरं उद्दिष्ट कळतं.

मग चहा आला आणि काका चिंतामणराव देशमुखांवर गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, एवढं मला माहीत होतं. एनएसएसच्या आधीची गोष्ट माहीत नव्हती. 1959 मध्ये देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली होती. शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने देशाची सेवा करावी, अशी शिफारस त्या समितीने केली. खर्चाचा आकडा बघून सरकारने ती बाजूला ठेवली. मग के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांत हे कसं चालतं ते बघून सेवा ऐच्छिक ठेवायला सांगितलं. होता होता 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत आणि 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज आपण दोन वर्षांत जे 240 तास भरतो ते तिथून आलेत.

"नऊ महिने!" काका म्हणाले. "आणि तू लोकांकडे दोन तास मागतेस, तेही मिळत नाहीत."

आता वाचक झाले दहा. अकराव्यासाठी मी घराखालच्या कापड दुकानाच्या सेठजींना गाठलं. ते हिंदी बोलणारे, पण मराठी कळतं, आणि धंद्याचा माणूस म्हणजे बजेट बघेल. त्यांनी वरचा अर्ज चाळला. क्रमांक नऊ, 'वस्तीतील महिलांसाठी शिवणकाम प्रशिक्षण'. दोन मिनिटांत परत दिला. "सिलाई का काग़ज़ है तो मौसी को दिखाओ, बिटिया। मैं तो कपड़ा बेचता हूँ।"

मावशी म्हणजे फॉल-पिकोवाल्या मावशी. सेठजींच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची मशीन आहे. जागा इतकी की मावशी बसल्या की ग्राहकाने बाहेरच उभं राहायचं. साडी घेतली की सेठजी बायकांना तिकडे पाठवतात. मावशी आमच्यासारख्याच ग्वाल्हेरच्या मराठी, दहावीपर्यंत शिकलेल्या. लहानपणापासून त्या जिन्यावरून मी रोज चढले-उतरले आहे आणि 61 जणांच्या यादीत त्यांचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला सुचले प्राध्यापक, सीए, एनजीओत काम करणारी ताई, माजी विद्यार्थी. म्हणजे अर्ज जे लिहू शकतात तेच. अर्ज ज्यांच्याबद्दल असतो त्यांच्यातलं कुणी यादीत नव्हतं.

"मला काय समजतं त्यातलं?" मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू वाच. मी ऐकते. हात थांबणार नाहीत माझे, ते चालेल ना?"

वाचकांच्या माहितीचा एक फॉर्म होता. शिक्षण, पद, संस्था. मी पेन घेऊन थांबले. "लिही ना," त्या म्हणाल्या, "फॉल-पिको, पंचवीस वर्षं." पद या रकान्यात मी तेच लिहिलं. संस्थेची जागा कोरी सोडली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. नऊ क्रमांकाचा अर्ज माझ्या रूममेटच्या गटाचा होता. त्याचं मराठी मीच रात्री दोन वाजेपर्यंत बसून सुधारलं होतं. 'सक्षमीकरण' हा शब्द सात वेळा आला होता, तो तीनवर मी आणला. हा अर्ज कुणाकडे जाणार हे ठरवण्यात माझा हात असायलाच नको होता. पण मावशींना शिवणकामातलं कळतं म्हणून त्यांना दिला, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. त्यांना तो आवडेल असंही मला वाटलं होतं. तेही खरं होतं.

पुढे चार संध्याकाळी मी जिन्याखाली स्टूल टाकून बसले. ट्यूबलाइटखाली मशीनची घरघर, आणि मी मोठ्याने वाचतेय. पहिला अर्ज ज्येष्ठ नागरिकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवण्याचा. मावशी म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना शिकवणार, पण फोन तर सुनेकडे असतो ना?" दुसरा होता विसर्जनानंतर गिरगाव चौपाटी साफ करण्याचा. त्यात त्यांनी फक्त एवढं विचारलं की गोळा केलेला कचरा कुठे नेणार. ते अर्जात लिहिलेलं होतं, आणि त्या खूश झाल्या. 20 गुण. तिसरा, महापालिकेच्या शाळेत वाचनालय, त्याला 18. गुण प्रत्येक वेळी 25 पैकी: उद्दिष्ट, लाभार्थी, अंदाजपत्रक, शाश्वतता, नावीन्य, प्रत्येकी पाच.

"शाश्वतता म्हणजे?"

"म्हणजे आपण तिथून गेल्यावर पण काम चालू राहणं."

"मग तसंच लिहा ना."

चौथ्या संध्याकाळी नऊ नंबर वाचला. आठ मशिनी, तीन महिने, रोज 11 ते 1 वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि प्रत्येकीला मशीन घरी. मी चांगलं वाचलं, जरा जास्तच चांगलं. मावशींनी मधेच पाय थांबवला. चार दिवसांत पहिल्यांदा.

"मशीन ठेवणार कुठे?"

"घरी. प्रत्येकीच्या."

"घर किती मोठं आहे त्यांचं?"

अर्जात वस्तीचं वर्णन होतं. दहा बाय दहाच्या खोल्या, पाच-सहा माणसं. मी ते वाचून दाखवलं.

"मग माणूस झोपेल की मशीन?"

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने त्यांच्या मोहल्ल्यात अशाच मशिनी वाटल्या होत्या. शिकवायला मावशींनाच बोलावलं होतं. फोटो झाले, हार झाले. वर्षाच्या आत बऱ्याच मशिनी विकल्या गेल्या. बायका आळशी होत्या म्हणून नाही. साधी शिलाई करून देणारे बाजारात इतके आहेत की नवीन बाईला कापड कोण देणार? पैसा पिको, इंटरलॉकमध्ये, आणि त्याची मशीन वेगळी. दुरुस्तीला माणूस बोलावला तर त्याची मजुरी दोन दिवसांच्या कमाईएवढी. आणि 11 ते 1? त्या वेळेला या बायका कुणाच्या तरी घरी भांडी घासत असतात.

"ज्या पोरींनी हे लिहिलं, त्यांनी एकीला तरी विचारलं का?" त्या म्हणाल्या. "चांगल्या घरच्या असतील. कोण आहेत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "नावं काढलेली असतात."

सात गुण दिले त्यांनी. 25 पैकी सात.

बाकी दोन वाचकांनी त्याच अर्जाला 21 आणि 19 दिले होते. दोघेही मुंबईचे, एक माजी विद्यार्थी आणि एक सीए. नियमांत एक कलम होतं की वाचकांच्या गुणांत दहापेक्षा जास्त फरक पडला तर समन्वयक चौथ्या वाचकाकडे अर्ज पाठवू शकतो आणि सगळ्यात वेगळे पडलेले गुण सोडून देता येतात. समन्वयक म्हणजे मी. म्हणजे मावशींचे सात गुण मी अगदी नियमाने पुसू शकत होते. कुणाला चुकीचं वाटलं नसतं. दहावी पास बाई, संस्था कोरी.

त्या रात्री आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलेला एक अभ्यास मला फार सोयीचा वाटला. अमेरिकेत 1981 मध्ये स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले 150 संशोधन प्रस्ताव दुसऱ्या वाचकांकडून पुन्हा तपासून घेतले. निघालं असं की अर्ज मंजूर होणं साधारण अर्धं त्याच्या गुणावर आणि अर्धं तो कुणाच्या हातात पडतो त्यावर अवलंबून आहे. त्या 150 मध्ये अर्थशास्त्राचे अर्जही होते. मी मनात म्हटलं, बघ, इतक्या मोठ्या शास्त्रज्ञांचंही नशिबावर चालतं. तर रूममेटचं नशीब जरा खराब निघालं, ते सुधारलं तर काय बिघडलं? चौथ्या वाचकासाठी ईमेल लिहून ठेवला. पाठवला नाही. झोपही आली नाही, कारण डोक्यात सारखं येत होतं की 21 आणि 19 देणाऱ्यांनी मशीन कुठे ठेवणार हे विचारलं नव्हतं. अर्ज सुधारताना मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर त्या जिन्याखालून रोज जाते. तिथे मावशी का बसतात, घरी का नाही, हा प्रश्न मला एकवीस वर्षांत पडला नाही.

सकाळी फादरना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तो अर्ज हातात घ्यायलाच नको होता. आणि हे तू मला डिसेंबरच्या सुरुवातीला सांगायला हवं होतं." त्यांनी नऊ नंबर माझ्याकडून काढून घेतला. चौथा वाचक त्यांनीच बघितला, तो कोण मला आजही माहीत नाही. त्याने 14 दिले. चौघांचेही गुण धरायचे, असं फादरनी ठरवलं. सरासरी सव्वापंधरा. अर्ज सहावा आला.

रूममेटला मी स्वतः सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "तुझ्या गल्लीतल्या एका बाईने आमचं वर्षभराचं काम उडवलं, आणि तू तिला स्टुलावर बसून वाचून दाखवत होतीस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच आठवडे आम्ही एका खोलीत राहून फक्त गीझरबद्दल बोललो.

फेब्रुवारीत ती वस्तीत गेली होती, हे मला तिच्या गटातल्या दुसऱ्या मुलीकडून कळलं. आठही जणींना तिने विचारलं, मशीन कुठे ठेवाल? दोघींकडे जागा होती. एक म्हणाली, मशीन राहू दे, माझं बँकेचं खातं बंद पडलंय ते चालू करून दे. यंदा तिचा अर्ज आहे की नाही, मला माहीत नाही. नावं काढायचं आणि अर्ज वाटायचं काम आता माझ्याकडे नाही. मी फक्त वाचक गोळा करते.

यंदा 16 अर्ज आहेत, म्हणजे बारा वाचक हवेत. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाचायचं असेल, किंवा तुमच्या जिन्याखाली, तुमच्या नाक्यावर वाचेल असं कुणी असेल, तर मला भेटा. चार अर्ज नीट वाचायला चार संध्याकाळी लागतात. दोन तास हे मी अंदाजाने लिहिलं होतं.

त्या चार संध्याकाळींचं आणखी एक राहिलंच. दिवाळीत घरी गेले तेव्हा मावशींना विचारलं, यंदा ऐकाल ना? त्या म्हणाल्या, "ऐकेन ना, मला चांगलं लागलं होतं. पण मलमासात आण, तेव्हा लग्नं नसतात. मागच्या वेळी संक्रांतीनंतरच्या लग्नांच्या साड्या होत्या, अकरा राहिल्या माझ्या." हात थांबणार नाहीत म्हणाल्या होत्या, पण ऐकताना हात मंद होतात, हे दोघींनाही आधी कळलं नव्हतं. साडीमागे 60 रुपये. अकरा साड्या म्हणजे 660. ए. जी. काकांची पेन्शन त्या चार दिवसांतही चालूच होती, आणि प्राध्यापकांचा पगारही. फुकट वाचायला सगळ्यांना सारखाच खर्च येत नाही.

मी समितीपुढे मांडलं की ज्यांची मजुरी बुडते त्यांना निधीतून ती द्यावी. एक जण म्हणाले, मग ते स्वयंसेवक कसले? काकांना फोन करून विचारलं, हे हिशेबात कसं बसवायचं? ते म्हणाले, "मानधन लिहू नकोस, मग सगळ्यांना द्यावं लागेल. 'बुडीत मजुरी' असं काही शीर्ष नसतं, बेटा." थोडा वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. "पण तू लिहून बघ. तपासणारा विचारेल तेव्हा उत्तर तयार ठेव."

तसा अर्ज लिहिला आहे, दीड पानाचा. दोन आठवडे झाले, फादरच्या टेबलावर आहे. मलमास 16 डिसेंबरच्या आसपास लागतो. मावशींना अजून काही कळवलेलं नाही.